शाळेला चालत जाणे आणि सायकलने जाणे: शरीराला मिळणारा व्यायाम एकच नाही

मुलगा रोज चालत किंवा सायकलने शाळेला जातो, तेव्हा त्याचा व्यायाम आपोआप होतो, असे सांगलीतले अनेक पालक समाधानाने सांगतात. आरोग्यविषयक सल्ल्यांतही ‘चालत जा किंवा सायकलने जा’ असे एका दमात लिहिलेले असते. शाळेच्या फाटकासमोरची वाहनांची गर्दी कमी करायची असेल तर ही जोडी योग्यच आहे. शरीराचा विचार केला, तर मात्र या दोन क्रियांची कामे वेगळी आहेत, आणि ती एकच मानल्यामुळे कोणत्या मुलाला काय कमी पडते आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 वर्षे वयाच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान 60 मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान 3 दिवस तरी जोमदार हालचालीचा तसेच स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या व्यायामांचा समावेश असावा. घरी ओळखण्याची खूण सोपी आहे: हालचाल मध्यम असेल तर बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, आणि जोमदार असेल तर दोन-चार शब्दांनंतर श्वास घेण्यासाठी थांबावे लागते.

समजा, विश्रामबागेत राहणाऱ्या एका मुलीची शाळा दोन किलोमीटरवर आहे. ती भराभर चालत गेली तर एका फेरीला साधारण 25 ते 30 मिनिटे लागतील, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाची शिफारस जवळजवळ पूर्ण होईल. तीच मुलगी सायकलने गेली तर दहा मिनिटांत पोहोचेल आणि दिवसाकाठी तिच्या वाट्याला वीसच मिनिटे येतील. शिवाय सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालण्यासाठी जी ऊर्जा लागते, ती तेवढेच अंतर सायकलने कापण्याच्या साधारण अडीच-तीन पट असते. त्यामुळे अंतर थोडे असताना चालणेच अधिक व्यायाम देते, जरी बघणाऱ्याला सायकल चालवणारा मुलगा अधिक मेहनत करताना दिसला तरी. अट एकच, की चालण्यात वेग हवा. मैत्रिणींबरोबर रमतगमत चालणे मनासाठी फार मोलाचे आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये, पण 60 मिनिटांच्या हिशेबात ते पूर्णपणे धरता येत नाही.

मग सायकलचे महत्त्व कशात आहे? ते हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेत आहे. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात शाळकरी मुलांच्या पाहणीत सायकलने जाणाऱ्या मुलांची ही क्षमता वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा आणि चालत जाणाऱ्यांपेक्षाही जास्त आढळली. चालणारी आणि वाहनाने जाणारी मुले यांच्यात तसा ठळक फरक दिसला नाही. नवव्या वर्षी मोजलेल्या मुलांना पंधराव्या वर्षी पुन्हा मोजले, तेव्हा मधल्या काळात सायकल धरलेली मुलेही अधिक सक्षम निघाली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, कारण मुळात दमदार असलेली मुलेच सायकल निवडत असण्याची शक्यता उरते. तरीही कारण समजण्यासारखे आहे: सायकलवर वेग वाढवला, चढ आला किंवा समोरून वारा आला की छाती धपापते, आणि सरळ रस्त्यावरच्या चालण्यात ती पातळी क्वचितच गाठली जाते. बुधगाव किंवा हरिपूरहून सांगलीत येणाऱ्या मुलांना हा लाभ खऱ्या अर्थाने मिळतो, कारण तेवढे अंतर रोज चालणे अवघड असते आणि सायकलला ते पुरेसे लांब असते.

साताऱ्यात हा हिशेब पुन्हा बदलतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारावर वसलेल्या त्या शहरात चालणाऱ्यालाही दम लागतो, तर सायकल काही ठिकाणी हातात धरूनच न्यावी लागते.

हाडांच्या बाबतीत सायकल निश्चितपणे मागे पडते. तिच्यावर शरीराचा भार बैठकीवर राहतो, आणि हाडे घट्ट होण्यासाठी पायांवर भार व धक्का यावा लागतो. चालण्यात भार येतो, पण धक्का सौम्य असतो. किशोरवय हा हाडे भरून निघण्याचा काळ आहे, म्हणून दोन्ही प्रकारच्या मुलांना खो-खो, कबड्डी, दोरीच्या उड्या यांची गरज उरतेच. शाळेचा रस्ता खेळाच्या तासाची जागा घेऊ शकत नाही, आणि दहावीच्या वर्षी तो तास गणिताला देऊन टाकणे मला मुलांवरचा अन्याय वाटतो. वजनाविषयी मात्र सावधपणे बोलावे: शाळेला चालत गेल्याने लठ्ठपणा कमी होतो का, याची उत्तरे संशोधनात एकसारखी मिळालेली नाहीत.

दप्तर आणि सायकलची उंची या दोन गोष्टींकडे घरी फारसे बघितले जात नाही. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. चालणाऱ्या मुलासाठी हे पाळणे अत्यावश्यक आहे, तर सायकलवाल्याने दप्तर कॅरिअरला घट्ट बांधावे. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठी सायकल घेणे टाळावे. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच सीट उंच असावी, नाहीतर गुडघे दुखू लागतात आणि मूल सायकल सोडते.

साधारण नोव्हेंबरपासून गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर येतात. त्यांच्या शेजारून जाताना चालणारा मुलगा कडेच्या मातीत उतरू शकतो. सायकलवाल्याचा तोल तिथे जातो. म्हणून त्या महिन्यांत सायकलला मागे रिफ्लेक्टर आणि दिवा असावा, आणि लांब पडला तरी आतला रस्ता घ्यावा.