अविश्वास ठराव (सरपंचाविरुद्धचा)

पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी सरपंचाला पदावरून दूर करण्याचा, ग्रामपंचायत सदस्यांना कायद्याने दिलेला मार्ग. महाराष्ट्रात ही तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ३५ मध्ये आहे. सदस्यांची नोटीस मिळाल्यावर तहसीलदाराने सात दिवसांच्या आत विशेष सभा बोलवायची असते व तिचे अध्यक्षस्थानही त्यानेच घ्यायचे असते.

सरपंच सदस्यांमधून निवडला जात असे, तेव्हा ठराव संमत होण्यास एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते लागत; महिलेसाठी राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्ध तीन-चतुर्थांश. म्हणजे नऊ सदस्यांच्या पंचायतीत एरवी सहा मतांनी भागे, तेथे सात मते जमवावी लागत. या एकेका मतासाठी गावोगाव ‘सहली’ निघत. नोटीस पडली की सदस्य गाडीत बसून परगावी जात, फोन बंद ठेवत आणि सभेच्या दिवशी थेट पंचायतीच्या दारात उतरत. सरपंचाच्या कारभाराचा हिशेब होण्यापेक्षा दोन गटांच्या संख्याबळाचाच अशा वेळी अधिक होई.

२०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट मतदारांकडे गेली, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. ज्याला साऱ्या गावाने निवडले त्याला मूठभर सदस्यांनी घरी पाठवावे हे विसंगतच ठरले असते. म्हणून लोकनियुक्त सरपंचाविरुद्धचा ठराव तीन-चतुर्थांश बहुमताने संमत झाल्यावरही विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यास मान्यता मिळावी लागते. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे अखेरचे सहा महिने ठराव आणता येत नाही; तो फेटाळला गेल्यास पुढील दोन वर्षे पुन्हा आणता येत नाही.

गैरवर्तन किंवा कर्तव्यातील कसूर यांसाठी कलम ३९ चा मार्ग वेगळा असून त्यात चौकशीनंतर विभागीय आयुक्त निर्णय देतात. गोव्यात सरपंच अद्याप पंचांमधूनच निवडला जातो व साध्या बहुमताने जाऊ शकतो, त्यामुळे तेथे एकाच मुदतीत दोन-तीन सरपंच होणे नवलाचे नाही. मध्य प्रदेशाने नगराध्यक्षांच्या बाबतीत आणखी पुढचे पाऊल टाकून परत बोलावण्याचा कौल थेट मतदारांकडून घेतला. तेथील मतपत्रिकेवर भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची अशी दोन चित्रे असत.