तुम्ही परदेशात आणि गल्लीतलं कुत्रं नाशकात: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे नाशिक सोडून दुबई, मस्कत, जर्मनी, लंडन, न्यू जर्सी असं कुठेकुठे राहतात आणि ज्यांचा जीव अजून इंदिरानगरच्या नाहीतर म्हसरूळच्या एखाद्या गल्लीतल्या कुत्र्यात अडकलाय. आमची छोटी फर्म आहे, चार जणांची, गंगापूर रोडच्या बाजूला बोर्डिंग आहे. कुत्री सांभाळणं, दवाखान्यात नेणं-आणणं, चांगलं घर शोधणं आणि लागलंच तर विमानापर्यंतची कागदपत्रं, हे आमचं काम. रोज रात्री कुणाचा तरी मेसेज येतोच की आई म्हणते काळू चार दिवस दिसला नाही, जरा बघून याल का. आम्ही बघून येतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. बाहेरून मेसेज करणारे दहातले आठ जण लिहितात की ह्याला घर शोधून द्या. पण प्रत्येक गल्लीतल्या कुत्र्याला घर लागतंच असं नाही हो. मागच्या वर्षी फ्रँकफर्टच्या एका ताईंनी बाळ्यासाठी घर शोधायला सांगितलं, आई आता भावाकडे पुण्याला जाणार, मग बाळ्याला बघणार कोण अशी काळजी. आम्ही दोन दिवस जाऊन बघितलं तर बाळ्या सहा-सात वर्षांचा, इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलाखाली पाय पसरून झोपलेला, डाव्या कानाला कट, अंगावर गोचीड नाही, काकांनी तेलाचा डबा अर्धा कापून त्यात त्याच्यासाठी पाणी ठेवलेलं, शाळेतून येणारी पोरं त्याला नावाने हाक मारतात आणि तो डोळे न उघडता नुसती शेपटी हलवतो. असं कुत्रं उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं तर ते पंधरा दिवस दाराला नाक लावून बसतं. ताईंना आम्ही स्पष्ट सांगितलं की याला घर नको, याची गल्ली टिकवूया. त्यांना आधी वाईट वाटलं, पण आता काकांना महिन्याचं खाणं पोचतं, वर्षाला अँटी रेबीज होतं, गळ्यात रात्री चमकणारा पट्टा आहे आणि दर रविवारी ताईंना बाळ्याचा व्हिडिओ जातो.

कानाचा कट म्हणजे काय हे पण सांगून टाकतो, बऱ्याच जणांना ते भांडणात तुटलेलं वाटतं. नसबंदी झाली की ओळख म्हणून कानाचा छोटा तुकडा काढतात. २०२३ चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियम आहेत, त्यानुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून पकडलं तिथेच परत सोडायचं. तिथेच का, तर कुत्र्याचा एक इलाखा असतो, ते उचलून आडगावला नाहीतर हायवेला सोडलं की ते तिकडच्या कुत्र्यांकडून मार खातं आणि इकडे रिकाम्या जागेवर नसबंदी न झालेलं दुसरं येतं. त्यामुळे कुणी तुमच्या आईबाबांना सांगितलं की पैसे द्या, आम्ही लांब सोडून येतो, तर कृपा करून हो म्हणू नका.

आईबाबांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या केसमध्ये खरा त्रास कुत्र्याला नसतो, खाऊ घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना असतो. तुम्ही तिकडे आणि इकडे सत्तरीतली आई भाताचं पातेलं घेऊन खाली उतरते आणि सोसायटीतले लोक तिला ऐकवतात, कधी कधी फार वाईट शब्दात. तर हे लक्षात ठेवा, खाऊ घालणं गुन्हा नाही. त्याच २०२३ च्या नियमांत सोसायटीने खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असं आहे, लहान मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, गेटपासून लांब. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पण ठरवलेल्या जागीच खाऊ घाला, रस्त्यावर कुठेही नको असं म्हटलंय. म्हणून आईला सांगा की गेटवर घालू नका, पार्किंगमध्ये नको, एक कोपरा ठरवा, खाऊन झालं की भांडं उचला, जागा धुवा. आमचा माणूस सेक्रेटरींशी बोलायला येतो, भांडायला नाही, आणि नसबंदी-लसीचे कागद पुढे ठेवले की बहुतेक लोक ऐकतात हा आमचा अनुभव आहे. तक्रार करणाऱ्यांची भीती पण खोटी नसते, कुणाच्या नातवाला कुत्रं चावलेलं असतं, तेही नीट ऐकून घ्यावं लागतं.

मग घर कुणाला लागतं? आई मेलेल्या पिल्लांना. हायवेला गाडीतून उतरवून दिलेल्या लॅब्रेडॉर, पामेरियन वगैरेंना, कारण त्यांना रस्त्यावर जगायचं कसं हेच माहीत नसतं. आंधळ्या, पाय गेलेल्या, म्हाताऱ्या जनावरांना. आणि आता शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारात राहणाऱ्यांना पण, कारण सुप्रीम कोर्टाच्याच ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात अशा जागांमधली कुत्री शेल्टरमध्ये हलवायची आणि तिथे परत सोडायची नाहीत असं आहे. तुमचं लाडकं कुत्रं अशा आवारात असेल तर आम्हाला लवकर कळवा, त्याला खरंच घर लागणार आहे.

घर शोधायला आम्ही वेळ घेतो आणि त्यावरून काही ग्राहक नाराज होतात, त्याचं कारण सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एक पिल्लू दिवाळीच्या दोन दिवस आधी एका घरी दिलं, मुलांचा हट्ट होता, सगळे खूप गोड बोलले, आम्ही घर बघायला गेलो नाही. फटाक्यांनी ते पिल्लू रात्रभर रडलं आणि भाऊबीजेनंतर आम्हाला ते पाथर्डी फाट्याजवळ सापडलं, गळ्यात आम्हीच घातलेली लाल दोरी होती. ते वाचलं, आता आमच्याकडेच आहे, पण तेव्हापासून सणाच्या तोंडावर आम्ही पिल्लू देत नाही आणि घर बघितल्याशिवाय तर कधीच नाही. घरी गेलो की आम्ही मुलांशी कमी आणि आजीशी जास्त बोलतो, कारण दिवसभर कुत्र्याबरोबर तीच असणार. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी. बाल्कनीला जाळी. गावाला गेलात तर कुठे ठेवणार, हा प्रश्न. आठ आठवड्यांच्या आत आईपासून पिल्लू तोडत नाही. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे, अँटी रेबीज तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि नसबंदी करून घेऊ असं सहीने लिहून घेतो. आणि जमलं नाही तर कुत्रं रस्त्यावर नाही, आमच्याकडे परत, कितीही वर्षांनी. तुम्ही व्हिडिओ कॉलवर असलात तर घरचे लोक जास्त मोकळं बोलतात, म्हणून घरभेटीची वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे ठरवतो, अमेरिकावाल्यांसाठी सकाळी सात, गल्फवाल्यांसाठी संध्याकाळी.

पैशाचं. आम्ही फर्म आहोत, संस्था नाही, त्यामुळे देणगी घेत नाही, बोर्डिंग आणि ने-आण याचं बिल देतो आणि दवाखान्याचं बिल तुम्ही थेट डॉक्टरांना भरायचं, आमच्या हातातून नको. एखाद्या प्राणीसंस्थेला तुम्हाला मदत पाठवायची असेल तर एक गोष्ट नीट बघा. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड आहे, तर कायद्याने तुम्ही परदेशी देणगीदार, आणि त्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तिने तुमचा एक रुपया पण घ्यायचा नाही, नोंदणी असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच आले पाहिजेत. चांगल्या मनाने पाठवलेल्या पैशामुळे एखादी चांगली संस्था अडचणीत यायला नको.

आता ज्यांना कुत्रं तिकडेच न्यायचंय त्यांच्यासाठी. हे होतं, पण घाईत होत नाही. युरोपसाठी आधी पंधरा आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर लस धरतच नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यता असलेल्या लॅबला पाठवायचं, रेबीजविरोधी अँटीबॉडीचा रिपोर्ट ०.५ IU/ml किंवा त्याच्या वर आला की रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. लसच तीन महिन्यांची झाल्यावर मिळते, म्हणजे हिशोब केला तर पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत जर्मनीला जाऊ शकत नाही, आणि कुणी एजंट पुढच्या महिन्यात पाठवतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. ब्रिटनला पण हाच तीन महिन्यांचा थांबा, वर पोचायच्या २४ ते १२० तास आधी जंतांचं औषध डॉक्टरांकडून नोंद करून, आणि विमानाने जायचं तर कार्गोतूनच. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रं सहा महिन्यांचं असावंच लागतं, भारत रेबीजच्या धोक्याच्या यादीत आहे म्हणून चिप, सरकारी डॉक्टरांची सही असलेला फॉर्म, रक्ताचा रिपोर्ट आणि तिकडच्या विमानतळावरच्या मान्यताप्राप्त केंद्राचं बुकिंग लागतं, रक्ताचा रिपोर्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही, मधे दुसऱ्या मान्य देशात ठेवावं लागतं, तो खर्च आणि तो काळ ऐकून बहुतेक लोक थांबतात आणि आम्हाला ते बरोबरच वाटतं.

शेवटचे कागद मुंबईच्या क्वारंटाइन ऑफिसातून (जनावरं देशाबाहेर नेण्या-आणण्याची परवानगी देणारं सरकारी ऑफिस) होतात, आमची गाडी रात्री निघते म्हणजे कसारा घाट उन्हाच्या आत उतरून होतो. पण खरी तयारी पिंजऱ्याची. गावठी कुत्र्याने आयुष्यात चार भिंती बघितलेल्या नसतात. आम्ही महिनाभर आधी क्रेट दार काढून अंगणात ठेवतो, पहिले काही दिवस जेवणाची थाळी बाहेर, मग उंबऱ्यावर, मग आत, मग एक दिवस दुपारी ते स्वतःहून आत जाऊन गोल फिरून झोपतं, तो फोटो आम्ही लगेच पाठवतो कारण त्या दिवशी कळतं की हे जाऊ शकेल. जे महिन्याभरात आत जात नाही त्याला आम्ही पाठवत नाही. झोपेचं औषध देऊन पाठवा असं कुणीकुणी सुचवतं, ते आम्ही करत नाही, हवेत श्वासाला धोका असतो आणि विमान कंपन्या पण असं कुत्रं घेत नाहीत.

काही जण उलटं विचारतात, की मस्कतला आमच्या बिल्डिंगखाली एक कुत्री आहे, तिला नाशिकला आणू का. आधी तिथेच घर शोधा, तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं की घरी तात्पुरतं सांभाळणारी माणसं कळतात. तेही नाहीच झालं आणि तुम्ही दोन वर्षं तिकडे राहून कायमचे परत येत असाल तर सामानाबरोबर दोन पाळीव जनावरं आणायची सोय आहे, त्यासाठी क्वारंटाइन ऑफिसची परवानगी तिकीट काढायच्या आधी घ्यायची.

तातडीच्या वेळी काय करायचं ते आईबाबांच्या फ्रिजवर लावून ठेवायला सांगा. कुत्रं चावलं, ओरखडलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी हॉस्पिटल, मधे सुया चुकवायच्या नाहीत. ओळखीचं कुत्रं अचानक लाळ गाळायला लागलं, खालचा जबडा लोंबायला लागला, चाल बिघडली तर जवळ जायचं नाही, प्रेमाने सुद्धा नाही, गेट लावा आणि मनपाला आणि आम्हाला फोन करा. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, वास येतो आणि कुत्रं सारखं चाटत राहतं, ते बघून घाबरू नका, वेळेत आणलं तर बहुतेक बरी होतात.

मेसेज करताना एवढं पाठवा: गल्ली आणि जवळची खूण, खायला कोण घालतं त्यांचं नाव आणि त्यांना आम्ही फोन केला तर चालेल का, कुत्रं दिवसा कुठे झोपतं, आणि दोन फोटो, एक पूर्ण अंगाचा आणि एक जवळून, त्यात दोन्ही कान दिसू द्या.