आधार कार्ड न चालणारा शेजारी: भूतानच्या नियमांची पार्श्वभूमी

भूतानला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा स्वेटरची होते. थर्मल घ्यायचे का, बूट कसले, मे महिन्यात तिथे थंडी असते का. घोळ होतो तो भलत्याच ठिकाणी, सीमेवरच्या फुंटशोलिंग या भूतानी गावात, इमिग्रेशन खिडकीवर. भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही, पण प्रवेशाचं परमिट लागतं आणि ते दोनच कागदांवर मिळतं: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, लायसन्स यांतलं काही चालत नाही. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, हे त्या कार्डावरच छापलेलं असतं. आपण ते वाचत नाही इतकंच. लहान मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर इंग्रजीतला जन्मदाखला लागतो. जुने दाखले कित्येकदा फक्त मराठीत असतात, ते आधी काढून बघावेत. सगळ्यात जास्त अडकतात ती नुकती अठरा पूर्ण झालेली मुलं. पासपोर्ट काढलेला नसतो आणि मतदार यादीत नाव अजून लागलेलं नसतं.

एवढ्याशा देशाला कागदांचा एवढा सोस का, असं तिथे रांगेत उभं राहून अनेकांना वाटतं. पण या देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्याच्या उत्तरेला चीन आहे आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना भारत. आपल्याला तिथे जाचक वाटणारे बहुतेक नियम या भूगोलातून आले आहेत, आणि काही तर ओल्या जखमेतून.

मुंबई-पुण्याकडून रेल्वेने जाणारे बहुतेक जण शेवटी उत्तर बंगालमधल्या हासिमाराला उतरतात. चहाचे मळे, सपाट जमीन, सीमेवरच्या जयगावपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. ही सपाटी म्हणजे दुआर, भूतानच्या डोंगरात शिरायची दारं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्यावर भूतानचा अंमल होता. १८६४ मध्ये ॲश्ले ईडन हा इंग्रज अधिकारी शिष्टमंडळ घेऊन पुनाखाला गेला. तिथल्या दरबारात त्याची पुरती बेइज्जती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी युद्ध पुकारलं. १८६५ च्या सिंचुला तहात भूतानने बंगाल आणि आसामकडचे अठराही दुआर गमावले. बदल्यात वर्षाला पुढे ५० हजार रुपयांपर्यंत वाढत जाणारी रक्कम ठरली. देशाची सुपीक सपाट पट्टी अशी हातची गेली, उरले डोंगर. जयगावची शेवटची दुकानं संपतात आणि भूतान गेटच्या पलीकडे लगेच चढ सुरू होतो, तो या तहामुळे.

१९०७ मध्ये उग्येन वांगचुक पहिले राजे झाले आणि देशातल्या सरदारांच्या आपसातल्या मारामाऱ्या थांबल्या. तरीही देश बंदच राहिला. १९४९ मध्ये स्वतंत्र भारताशी मैत्रीचा करार झाला. त्यात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानण्याचं कलम होतं. २००७ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा ते काढलं गेलं. पण खरा फरक पडला तो १९५८ ते १९६१ या दोन-तीन वर्षांत. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा देशात गाडीचा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडायची, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यांवरून जायचं आणि पारोला उतरायचं, असा तो प्रवास. इंदिरा गांधी सोबत होत्या. तुमचं स्वातंत्र्य कायम राहावं हीच आमची इच्छा आहे, असं नेहरूंनी पारोत सांगितलं. पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव चिरडला गेला, दलाई लामा भारतात आले आणि त्यापाठोपाठ भूतानने उत्तरेची सीमा बंद केली. शतकानुशतकं मीठ, लोकर आणि तांदळाचा व्यापार ज्या दिशेने चालला, ती वाटच मिटली. देशाचं तोंड दक्षिणेकडे वळलं.

त्यानंतर रस्ता आला. भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प १९६१ मध्ये सुरू झाला आणि फुंटशोलिंगहून राजधानी थिंपूकडे जाणारा घाट फोडला गेला. त्याआधी हे अंतर पायी किंवा खेचरावरून कापायला सहाएक दिवस लागत. आता पाच-सहा तासांत माणूस पोचतो. फुंटशोलिंग जेमतेम ३०० मीटरवर आहे, थिंपू २३०० मीटरच्या वर. लेहला जशी विरळ हवेची धास्ती असते तशी इथे थिंपू-पारोत नसते, ही दोन्ही गावं लेहपेक्षा हजारेक मीटर खाली आहेत. इथला शत्रू म्हणजे वळणं. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, वाटेतल्या गेदूच्या धुक्यात पोचल्यावर घेऊन उपयोग नसतो. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी येतात, त्यामुळे मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हेच दिवस बरे.

आता पैशांचा मुद्दा, ज्यावर सगळ्यात जास्त कुरकुर होते. भारतीय पर्यटकाला भूतानमध्ये रात्रीमागे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चार जणांचं कुटुंब सहा रात्री राहिलं तर हॉटेल-गाडी सोडून वीस ते तीस हजार तिथेच गेले. हे शुल्क कोविडनंतर अचानक सुचलेलं नाही. २ जून १९७४ रोजी चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक झाला. परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेलं बांधावी लागली, आणि सोहळा आटोपल्यावर त्याच हॉटेलांत पहिले पर्यटक आले. पण सुरुवातीपासूनच हिशोब ठरलेला होता: थोडे लोक, जास्त पैसे. शेजारी नेपाळमध्ये काठमांडूत हिप्पींची जत्रा भरली होती, ती थिंपूच्या डोळ्यांसमोर होती. परदेशी पर्यटकांना रोजचा ठरावीक दर भरून, सरकारमान्य एजंटमार्फतच यावं लागे. पुढे बरीच वर्षं हंगामात हा दर माणशी २५० डॉलर होता, त्यातले ६५ सरकारचे.

भारतीय यातून सुटलेले होते. मैत्रीचा करार, उघडी सीमा, मग पैसे कसले घ्यायचे? आपली गाडी घ्या, परमिट काढा, फिरा. स्वस्त होत गेलं तशी गर्दी वाढली. २०१९ मध्ये देशात तीन लाखांवर पर्यटक आले आणि त्यातले बहुसंख्य भारतीय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलवर गेलेल्या एका पर्यटकाचा, डोचुला खिंडीतल्या छोर्तेनवर, म्हणजे बौद्ध स्तूपावर, चढून उभा राहिल्याचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला आणि भूतानमध्ये मोठा संताप उसळला. शुल्काची चर्चा आधीपासून चालू होती, त्या फोटोने तिला धार आली एवढंच. २०२० च्या सुरुवातीला संसदेने कायदा केला, मार्चमध्ये कोविडमुळे देश बंद झाला आणि २३ सप्टेंबर २०२२ रोजी सीमा उघडली ती १२०० रुपयांची पाटी लावूनच. इतर परदेशी लोकांना तेव्हा रात्रीचे २०० डॉलर ठरले होते. ते महाग पडल्याने लोक येईनात, म्हणून वर्षभराने १०० वर आणले आणि ही सवलत ऑगस्ट २०२७ पर्यंत ठेवली. आपला दर या धोरणात अजूनही नातेवाइकाचाच आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

डोचुलाचं प्रकरण इतकं का लागलं, तेही बघावं. थिंपूहून पुनाख्याला जाताना ३१०० मीटरच्या आसपास ही खिंड लागते. गाडी थांबते, समोर १०८ छोर्तेन आणि आभाळ स्वच्छ असेल तर मागे हिमशिखरांची रांग. सगळ्यांच्या फोनमध्ये हा फोटो असतोच. पण ते छोर्तेन शोभेसाठी उभारलेले नाहीत. ईशान्य भारतातल्या उल्फासारख्या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने ते उद्ध्वस्त केले. मोहिमेचं नेतृत्व खुद्द चौथ्या राजांनी केलं. त्यात कामी आलेल्या सैनिकांचं हे स्मारक, राजमाता आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांनी उभारलेलं. भारताच्या सोयीची लढाई भूतानच्या पोरांनी लढली होती. छोर्तेन नेहमी उजव्या हाताला ठेवून फिरायचं, वर पाय ठेवायचा नाही, टेकून फोटो काढायचा नाही.

बॅगेतले कपडे ठरतात ते जोंगवरून. जोंग म्हणजे किल्ला, मठ आणि जिल्हा कचेरी एकाच आवारात. ही कल्पना झाबद्रुंग ङवांग नामग्याल या धर्मगुरूंची. १६१६ मध्ये ते तिबेटहून इकडे आले, द्रुकपा या बौद्ध पंथाच्या छत्राखाली त्यांनी देश एकत्र केला आणि तिबेटी स्वाऱ्या परतवण्यासाठी मोक्याच्या जागी जोंग बांधले. पुनाख्याचा जोंग १६३७-३८ चा, दोन नद्यांच्या संगमावर. १६५१ मध्ये ते गेले, पण राज्य फुटेल या धास्तीने त्यांच्या मृत्यूची बातमी पन्नासहून अधिक वर्षं लपवून ठेवली. ते ध्यानाला बसले आहेत, असंच सांगितलं जाई. जोंग आजही चालती कचेरी आहे. तिथे पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा शर्ट आणि पायभर कपडे लागतात; टोपी काढावी लागते आणि देवळाच्या आत फोटो चालत नाहीत. बायकांना सलवार-कुर्ता सगळ्यात सोयीचा. गुडघ्यापर्यंतची बर्म्युडा घालून दारापर्यंत गेलेले आपले काका तिथूनच परत फिरतात.

स्थानिक माणूस मात्र तिथे पारंपरिक पोशाखातच येतो, पुरुष घो आणि बायका किरा घालून, वर खांद्यावरून कापडाचा पट्टा. १९८९ मध्ये राजाज्ञेने हा पोशाख सक्तीचा झाला, आणि इथे त्या जखमेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. तिथे नेपाळी वंशाचे लोक बहुसंख्य होते आणि राजघराणं गेलं. भूतानच्या दक्षिणेतही नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा मोठ्या संख्येने होते. १९८५ च्या नागरिकत्व कायद्याने १९५८ मध्ये देशात राहत असल्याचा पुरावा मागितला. नेपाळी भाषा शाळांतून गेली, पोशाखाची सक्ती आली, आंदोलनं झाली, दडपशाही झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास माणसं पूर्व नेपाळच्या छावण्यांत जाऊन पडली. बहुतेकांना पुढे अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. भूतानने परत घेतलं नाही. ‘जगातला सर्वात आनंदी देश’ ही जाहिरातीतली ओळ वाचताना हे माहीत असलेलं बरं. एका जुन्या कागदावर जिथे माणसाचं घर ठरलं, तिथे खिडकीवर कागद बारकाईने पाहतात यात नवल नाही. गाइडशी मात्र हा विषय आपणहून काढू नये; त्याला अडचणीत टाकण्यात अर्थ नाही.

कुटुंबासोबत जाणाऱ्यांना एक सूचना. पुनाख्याजवळच्या चिमी ल्हाखांगच्या वाटेवर घरांच्या भिंतींवर भलीमोठी लिंगचित्रं रंगवलेली असतात, दुकानांत लाकडी लिंगं मांडलेली असतात. पंधराव्या शतकातला अवलिया साधू द्रुकपा कुनले याच्याशी हे जोडलेलं आहे. दृष्ट लागू नये आणि मूल व्हावं, यासाठी. देऊळ १४९९ चं. आजी-आजोबा सोबत असतील तर गाडीतच सांगून टाकावं, म्हणजे उतरल्यावर सगळे एकदम डोंगराकडे बघायला लागत नाहीत.

खाण्याची चिंता वाटते तेवढी नाही. एमा दात्शी हे तिथलं रोजचं जेवण. त्यात मिरची हीच भाजी आणि चीज हा रस्सा. तिखटाला सरावलेला कोल्हापूरकरही पहिल्या घासाला पाणी मागतो. बटाट्याची केवा दात्शी मुलांना चालते. लाल भात, डाळ, पोळी थिंपू-पारोत सहज मिळते. भूतानी पंचांगाच्या पहिल्या आणि चौथ्या महिन्यात मांसविक्री बंद असते. तंबाखू खाणाऱ्यांनी सावध राहावं: २००४ मध्ये भूतानने विक्रीवर देशभर बंदी घातली आणि २०१० च्या कायद्यात तस्करीला तुरुंगवास होता. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात सीमेवरून चोरटा माल येऊ लागल्यावर, विक्रीला परवानगी मिळाली. सार्वजनिक ठिकाणी ओढणं अजूनही चालत नाही. सुपारी-चुना-पानाचा ‘दोमा’ मात्र जो तो चघळत असतो.

ट्रेकिंगवाल्यांनी शिखरांचा बेत मनातून काढावा. १९९४ पासून ६००० मीटरच्या वरच्या शिखरांवर आणि २००३ पासून एकूणच गिर्यारोहणावर बंदी आहे; ती शिखरं देवांची. ७५७० मीटरचं गांगखर पुएन्सुम त्यामुळे आजही जगातलं न चढलेलं सर्वात उंच शिखर आहे. पारोची ताक्त्सांगची चढण मात्र खुली आहे. १६९२ चा तो मठ १९९८ मध्ये आगीत गेला आणि पुन्हा बांधला. चढायला-उतरायला मिळून पाच तास धरावेत आणि तो दिवस सहलीच्या शेवटी ठेवावा, तोवर हवा अंगवळणी पडते.

भूतानचं चलन ङुल्त्रुम आणि आपला रुपया यांची किंमत सारखी आहे. रुपया तिथे चालतो, ङुल्त्रुम इकडे चालत नाही, म्हणून उरलेले फुंटशोलिंगलाच खर्चावेत. २०१९ पासून रुपे कार्ड आणि २०२१ पासून भीम यूपीआय सुरू झालं असलं, तरी शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. डोंगरातल्या दुकानात नेटवर्क असेलच असं नाही. घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागतं. विमानाने जाणार असाल तर पारोला १९८३ मध्ये ड्रुकएअरची सेवा सुरू झाली, पण तिथला विमानतळ आजही दिवसाउजेडी, मोकळ्या हवेतच चालतो आणि दऱ्यांमधून वळत उतरणारे वैमानिक मोजके आहेत. ढग आले की विमान थांबतं. कोलकात्याहून किंवा दिल्लीहून मुंबईचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा.