एन्डोमेट्रिओसिस स्कॅनवर कॅन्सरसारखा का दिसतो?

एन्डोमेट्रिओसिस हा कॅन्सर नाही, पण त्याची वागणूक बरीचशी तशीच आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजांडकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित श्वासपटलावरही रुजतात. तिथे रक्तस्राव होतो, सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे.

हा गोंधळ स्कॅनच्या यंत्रांपेक्षा जुना आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजांडकोशातल्या ‘चॉकलेट सिस्ट’चं वर्णन केलं. जुन्या, घट्ट, तपकिरी रक्ताने भरलेल्या या गाठी. आणि १९२५ मध्ये त्यांनीच दाखवलं की अशा ऊतीतून क्वचित कॅन्सरही उद्भवतो. त्यामुळे ‘एन्डोमेट्रिओसिसच असेल’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि प्रत्येक गाठीला घाबरूनही चालत नाही.

अमेरिकेतले रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८१ मधल्या संशोधनातून पुढे सीए-१२५ ही, रक्तातलं एक प्रथिन मोजणारी चाचणी आली. बीजांडकोशाच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला ती उपयोगी ठरली, पण एन्डोमेट्रिओसिसमध्येही तिचा आकडा वाढतो. संशयास्पद स्कॅन आणि वाढलेला सीए-१२५ एकत्र हाती आले की घरात काय होतं, ते सांगायला नको.

एमआरआयने मोठी मदत केली. १९९१ मध्ये जपानच्या काओरी तोगाशी आणि सहकाऱ्यांनी चॉकलेट सिस्टची खूण सांगितली: एमआरआयच्या दोन प्रकारच्या चित्रांपैकी टी-१ मध्ये गाठ लख्ख उजळ, टी-२ मध्ये काळवंडलेली. वारंवार साचलेल्या रक्तातल्या लोहाचा हा परिणाम. अडचणही त्याच रक्ताची. कॅन्सर शोधताना शिरेतून रंगद्रव्य देऊन कोणता भाग उजळतो ते बघतात. इथे गाठ आधीच उजळ असल्याने आतला छोटा, रक्तपुरवठा असलेला उंचवटा लपून जातो. म्हणून आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करून पाहतात. ऊतीतल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयमध्येही घट्ट रक्त कॅन्सरसारखं भासू शकतं. गरोदरपणी तर हार्मोन्समुळे सिस्टच्या भिंतीवर रक्तपुरवठा असलेले उंचवटे येतात, हुबेहूब कॅन्सरसारखे. ते बहुधा बाळंतपणानंतर ओसरतात, पण तोवर वाट पाहण्याचा निर्णय सोपा नसतो.

पेट (पीईटी) स्कॅनची गोष्ट वेगळी. त्यातली एफडीजी ही किरणोत्सारी साखर माणसाला प्रथम १९७६ मध्ये दिली गेली. कॅन्सरच्या पेशी ती भराभर ओढून घेतात. पण सुजलेल्या ऊतीही ती घेतात, आणि एन्डोमेट्रिओसिस हा दाहाचाच आजार. पाळी सुरू असलेल्या स्त्रीच्या निरोगी बीजांडकोशात आणि गर्भाशयाच्या अस्तरातही चक्राच्या काही दिवसांत ठिपका चमकतो. दुसऱ्याच एखाद्या कॅन्सरसाठी स्कॅन केलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात असा ठिपका दिसला, तर तो रोग पसरल्याची खूण समजला जाऊ शकतो. तसं झालं तर रोगाची पायरी बदलते, उपचारही बदलतात. माझ्या मते सगळ्यात जपायला हवं ते इथे. अशा एकट्या ठिपक्यावर निर्णय होऊ नये. एमआरआय, आणि गरज पडली तर बायोप्सी व्हायलाच हवी.

आणि स्कॅन वाचणाऱ्याला मागचा इतिहास कळला पाहिजे. शेवटची पाळी कधी आली, हार्मोनची औषधं चालू आहेत का, एन्डोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालंय का, हे तपासणीच्या चिठ्ठीवर दोन ओळींत मावतं. डॉक्टरांनी ते लिहिलं नसेल, तर तपासणीआधी आपण स्वतः सांगावं, आणि जुने स्कॅन सोबत न्यावेत.