फ्लोरा न्वापा: ओगुताच्या बाजारपेठेतून कादंबरीत

१९६२ साली नायजेरियातल्या एका तिशीतल्या शिक्षिकेने आपल्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित कादंबरीकार चिनुआ अचेबे यांच्याकडे पाठवलं. लंडनच्या हाइनमन प्रकाशनाने नुकत्याच काढलेल्या ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’शी अचेबे सल्लागार संपादक म्हणून जोडले गेले होते. कादंबरी त्यांना आवडली. उत्तरासोबत त्यांनी एक गिनीही (तेव्हाच्या ब्रिटिश चलनातली रक्कम) पाठवली, हस्तलिखित लंडनला धाडण्याच्या टपालखर्चासाठी. १९६६मध्ये ती ‘एफुरू’ नावाने या मालिकेतलं २६वं पुस्तक म्हणून आली. तोवर त्या मालिकेत एकाही बाईचं पुस्तक नव्हतं.

तेव्हापासून फ्लोरा न्वापा यांना ‘आफ्रिकेतली पहिली कादंबरीकार स्त्री’ हे बिरूद चिकटलं. ते जरा सैलसर आहे. त्याच वर्षी केनियात ग्रेस ओगोट यांची कादंबरी निघाली. घानाच्या मेबल डव्ह तर कितीतरी आधीपासून वर्तमानपत्रांत लिहीत होत्या. नायजेरियन बाईने इंग्रजीत लिहून लंडनहून प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी, एवढं म्हटलं तरी पुरे.

न्वापांचा जन्म १३ जानेवारी १९३१चा, नायजेरियाच्या पूर्व भागातल्या ओगुता या इग्बो समाजाच्या गावातला. गाव मोठ्या तळ्याकाठचं. पामतेलाच्या व्यापारावर इथली घरं वर आली आणि त्या व्यापारात बायका ठळकपणे होत्या. मालाचा भाव करायचा, उधारी द्यायची, थकलेली उधारी वसूल करायची, हे सगळं त्या करत. पैसा राखून असलेल्या बाईला गावात वजन असे. न्वापांचं स्वतःचं घर शिकलेलं होतं. १९५७मध्ये इबादानहून पदवी, पुढच्या वर्षी एडिनबराहून शिक्षणशास्त्राची पदविका, मग कालाबारला शिक्षण खात्यात काम, एनुगूच्या मुलींच्या शाळेत अध्यापन आणि १९६२पासून लागोस विद्यापीठात सहायक कुलसचिवपद. इतकं सगळं होऊनही लिहायला बसल्यावर त्या ओगुतालाच गेल्या.

‘एफुरू’ची नायिका व्यापारात हुशार. नवऱ्याकडे वधूमूल्य द्यायला पैसे नाहीत म्हणून ती थांबत नाही; लग्न आधी, मग दोघांनी मिळून कमवून रक्कम फेडायची. नवरा दुसरीबरोबर निघून जातो, एकुलती मुलगी दगावते, दुसरं लग्नही टिकत नाही. हे सगळं आपल्याला कळतं ते बायकांच्या बोलण्यातून: उंबऱ्यावरच्या चौकशा, बाजारातली कुजबुज, सासूच्या बहिणीचे सल्ले. तेव्हाच्या काही समीक्षकांना हे खटकलं. नुसत्या गप्पाच आहेत, कथानक कुठंय, असा त्यांचा सूर होता. मला ही तक्रार उलटी वाटते. ज्या गावात बाईची पत बोलण्यातूनच ठरते आणि मोडते, तिथलं कथानक बोलण्याबाहेर कुठे सापडणार?

तळ्याची देवी उहामिरी एफुरूला आपली उपासक म्हणून निवडते. या देवीकडे रूप आहे, संपत्ती आहे, पण मूल नाही. मग बायका तिला का भजतात, या प्रश्नावर कादंबरी थांबते. गंमत अशी की, ओगुताच्या लोकश्रद्धेत तळ्याची देवी मूलही देते. न्वापांनी तिला निपुत्रिक केलं. वांझपणाचा डाग घेऊन जगणाऱ्या नायिकेला देव्हाऱ्यातच सोबत हवी होती, असा मी त्याचा अर्थ लावते. ‘एफुरू’च्या शेवटच्या ओळींतल्या मातृत्वाच्या आनंदावरून नायजेरियन लेखिका बुची एमेचेता यांनी १९७९मधल्या आपल्या कादंबरीचं नाव घेतलं, आणि त्या आनंदाचा पुरता हिशेब मांडला.

मग युद्ध आलं. १९६६ची दोन लष्करी बंडं आणि उत्तरेतल्या इग्बोंच्या कत्तली यानंतर लाखो इग्बो पूर्वेला परतले. न्वापाही लागोस सोडून आल्या. मे १९६७मध्ये या पूर्व भागाने ‘बियाफ्रा’ या नावाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि केंद्र सरकारशी युद्ध पेटलं. सप्टेंबर १९६८मध्ये ओगुता केंद्राच्या फौजेने घेतलं आणि बियाफ्राने काही दिवसांतच ते परत मिळवलं. त्या पळापळीवर न्वापांनी ‘नेव्हर अगेन’ लिहिली (१९७५). गाव पडणार हे दिसत असताना ‘शत्रू येणारच नाही’ असं ठासून सांगणाऱ्यांचा तिच्यात आलेला वीट अजूनही ताजा वाटतो. बियाफ्राची बाजू घेणाऱ्या माणसाने बियाफ्राच्याच प्रचाराची अशी उलटतपासणी तेव्हा क्वचितच केली होती.

युद्ध संपल्यावर त्या ईस्ट सेंट्रल राज्याच्या मंत्रिमंडळात गेल्या. आरोग्य आणि समाजकल्याण खातं त्यांच्याकडे आलं आणि युद्धात अनाथ झालेल्या, घरच्यांपासून तुटलेल्या मुलांची सोय लावण्याचं काम गळ्यात पडलं.

हाइनमन आपल्या पुस्तकांसाठी पुरेसं काही करत नाही, असं त्यांना वाटत होतं. १९७०च्या दशकात त्यांनी एनुगूत ‘ताना प्रेस’ काढली आणि स्वतःच्या कादंबऱ्या, मुलांची पुस्तकं तिथून छापली. आफ्रिकेत बाईने प्रकाशनसंस्था चालवणं तेव्हा फारच दुर्मीळ. याच प्रेसमधून १९८१मध्ये ‘वन इज इनफ’ आली. तिची नायिका अमाका छळणाऱ्या नवऱ्याला सोडून लागोसला जाते, कंत्राटं घेऊन पैसा करते, एका कॅथलिक पाद्र्यापासून जुळ्यांची आई होते आणि तो लग्नाला तयार असतानाही नको म्हणते. एफुरूला जे सुचलंही नसतं, ते अमाका सरळ करून मोकळी होते.

१६ ऑक्टोबर १९९३ रोजी एनुगूत न्युमोनियाने त्यांचं निधन झालं, वयाच्या ६२व्या वर्षी. मागे ‘द लेक गॉडेस’ या कादंबरीचं हस्तलिखित राहिलं. तिची नायिका ओना संसार सोडून तळ्याच्या देवीची पुजारीण होते.