एकच रस्ता, एकच तारीख: कोकणच्या वाटेवरच्या कोंडीची पार्श्वभूमी

गणपतीला मुंबईहून गावी निघालेल्या माणसाला वाटेत फोन येतो, तेव्हा कुठे पोचलास असं सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते "माणगाव सुटलं का?" एवढंच. रायगड जिल्ह्यातलं हे कोंडीचं गाव सुटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आमचं गाव सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीजवळ. म्हणजे माणगाव सुटलं तरी तीन वाटांपैकी दोन वाटांहून जास्त रस्ता उरलेला असतो, पण त्याची चिंता कुणी करत नाही.

कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलला सुरू होतो आणि गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीला पोचतो. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले, तोवर हा १७ नंबर होता आणि जुनी माणसं अजूनही तसंच म्हणतात. मंगळूरला जाणारा ट्रक, गोव्याला निघालेली पर्यटकांची गाडी आणि मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी घेऊन बसलेली आजी, सगळे पनवेलजवळच्या पालस्पे फाट्यावर एकाच डांबरावर येतात. घाटमाथ्यावरच्या गावाला चार रस्ते असतात. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या आमच्या पट्टीला उत्तर-दक्षिण असा मोठा रस्ता हा एकच.

सगळे एकाच वेळी का निघतात, याचं उत्तर गिरणगावात आहे. रत्नागिरी जिल्हा, ज्यातून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, तो पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरवर जगला. शेती तुटपुंजी होती, म्हणून घरटी एकदोन पुरुष लालबाग-परळच्या गिरण्यांत. एकेका खोलीत गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. बायकापोरं गावी, चूल गावी आणि देवही गावी. कोकणात गणपती घराण्याच्या मूळ घरात बसतो. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती बहुधा एकच असतो. दिवाळीला मुंबईत राहिलं तर चालतं. चतुर्थीला पाटावर मूर्ती येते तेव्हा घरचा मुलगा तिथे असायलाच हवा, आणि ती तारीख पुढेमागे होत नाही. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणून आदले तीन-चार दिवस रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

पण हा माणूस आधीपासून रस्त्याने जात नव्हता. त्याची वाट पाण्याची होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची आणि बंदरं घेत घेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण गाठायचं. भर पावसाळ्यात ही लांबची बोट बंद असे, आणि जवळच्या फेऱ्या चालू असत त्याही सुरक्षित नव्हत्या. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो दिवस अजून आहे. पुढे खाड्यांवर पूल झाले, एसटी गावोगाव पोचली आणि बोट हळूहळू मागे पडून बंद झाली. तिची जागा घेईल असं पाण्यावर काही उभं राहिलं नाही. सातशे किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्याने हे होऊ द्यायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.

मग १९८२ चा गिरणी संप आला. गिरण्या बंद पडत गेल्या आणि चाळीतला चाकरमानी नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूरला फेकला गेला. घोडबंदर, ठाणे, कळंबोली पार करेपर्यंतच त्याचे तीन-चार तास जातात. कोकणचा रस्ता त्यानंतर सुरू होतो. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. शिवडीहून तो झटकन पलीकडे नेतो, पण नेऊन सोडतो त्याच रांगेच्या तोंडाशी.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तिचे उपकार आम्ही विसरणार नाही. मात्र मार्ग बराचसा अजूनही एकेरी आहे. गणपतीचं आरक्षण उघडलं की काही मिनिटांत वेटिंग लागतं. ज्याला तिकीट मिळालं नाही, तो जादा एसटीत किंवा दहा जणांनी मिळून केलेल्या भाड्याच्या गाडीत बसतो, आणि रस्त्यावर येतो.

या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली पालस्पे ते रायगडमधलं इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यापासून सुरू झालं. वाटेत कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य असल्याने वनखात्याच्या परवानग्या लागल्या, भूसंपादन रखडलं, ठेकेदार बदलले, डांबराचं काँक्रीट ठरलं. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मुदती दिल्या गेल्या, उलटल्या. रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या यंत्रणांकडे आणि वेगवेगळ्या ठेकेदारांकडे गेले, त्यामुळे मधूनच गुळगुळीत चार पदरी पट्टा लागतो आणि मधूनच बॅरिकेड लावून डायव्हर्जन.

खरी कोंडी त्या जोडावर होते. इंदापूर आणि माणगावचे बायपास रखडले, ते २०२५ च्या गणपतीतही तयार नव्हते. चार पदरांवरून आलेल्या गाड्या माणगावच्या बाजारपेठेतल्या दोन पदरांत शिरतात. तिथेच ताम्हिणी घाट उतरून पुण्याची गर्दी येऊन मिळते, श्रीवर्धन-म्हसळ्याकडे वळणारेही तिथेच. मागचा रस्ता जेवढा रुंद होत गेला, तेवढ्या जास्त गाड्या एका वेळी या नरड्याशी येऊन थांबू लागल्या. अर्धवट रुंदीकरणाने कोंडी कमी न होता पुढे सरकते, हे इथे उभं राहिल्यावर कळतं.

काम लवकर होऊच शकत नाही, हे मी मानत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि पुढच्या जूनमध्ये खुला झाला. त्याच रस्त्याची बाकीची कामं मात्र वर्षानुवर्षं चालली आहेत. कशेडी घाटातला बोगदा झाल्याने पोलादपूर-खेड हे वळणांचं अंतर आता सोपं झालं, ही त्यातली खरोखर समाधानाची गोष्ट.

गणपतीच्या दिवसांत सरकार अवजड वाहनं थांबवतं, टोलमाफीचे पास देतं. काही जण एक्स्प्रेसवेने कोल्हापूर गाठून गगनबावडा किंवा आंबोली उतरतात. इंधन जास्त जातं, पण गाडी हलती राहते. गाडी उभी राहिली की सगळ्यात जास्त हाल बायकांचे. पेणपासून पुढे स्वच्छ स्वच्छतागृह शोधावं लागतं, म्हणून माझी आई निघायच्या दिवशी दुपारपासूनच पाणी पीत नाही. तिला सत्तरी लागली आहे.

गेल्या वर्षी रात्री अडीचला आम्ही माणगावच्या अलीकडे उभे होतो. पुढच्या गाडीच्या टपावर प्लास्टिकखाली कागदी मखर बांधलेलं. पाऊस आला की एक पोरगा काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि दोरी घट्ट आहे का ते चाचपायचा. गाड्यांमधून एक बाई कणसं विकत फिरत होती. तेवढ्यात गावाहून काकांचा फोन आला, "खय पोचलास रे? भटजी धा वाजता येतले." आई म्हणाली, सांग माणगाव सुटलं म्हणून. ते अजून दोन किलोमीटर पुढे होतं.