योजनेची खाट वेगळी, धर्मादाय खाट वेगळी

"आधार नाही, रेशन कार्ड गावाकडं, मग चॅरिटीत, धर्मादाय खाटेवर, तरी कसं होणार?" पुण्याच्या वाघोली-मोशीच्या बांधकाम साइटवर मुकादम हेच विचारतो, वस्तीतले कार्यकर्तेही हेच विचारतात आणि रुग्णालयाच्या काउंटरवरूनही हेच ऐकवलं जातं. या एका प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. त्या गाठीपायी माणसं अर्ध्या वाटेवरून परत जातात.

पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुनी माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. पैसे सरकारचे, रुग्णालय योजनेच्या यादीतलं, आजारही यादीतला, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच. रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे जायचं, ऑपरेशनआधी मंजुरी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना लागू आहे. पण रहिवासी आहात हे दाखवावं लागतंच. बांधकाम कामगार मंडळात नोंद जिवंत असेल तर मंडळाचं कार्ड चालतं. बिहार-उत्तर प्रदेशातल्या कामगाराकडे त्याच्या राज्याचं आयुष्मान कार्ड असेल तर तेही इथल्या यादीतल्या रुग्णालयात चालतं; 'बाहेरच्या राज्याचं आहे' म्हणून परत पाठवणं चूक आहे.

दुसरी गोष्ट धर्मादाय खाट, म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयात गरिबांसाठी राखलेली खाट. इथे सरकारचा एक रुपयाही येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली, १ सप्टेंबर २००६ पासून चालू असलेली व्यवस्था, हा तिचा आधार. ट्रस्टच्या रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. खर्चासाठी इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त बाजूला काढायची. पुण्यात रूबी हॉल, जहांगीर, केईएम, दीनानाथ ही सगळी या व्यवस्थेखाली येतात. फुले योजनेची यादी आणि ही यादी एक नाही. म्हणून 'इथे योजना नाही' या उत्तरावर चर्चा संपत नाही.

खरा घोटाळा होतो तो इथे. योजना विचारते, तू कोण? धर्मादाय खाट विचारते, तुझी कमाई किती? योजनेला ओळख आणि रहिवास लागतो, धर्मादाय खाटेला उत्पन्न. निर्धनासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजारांच्या आत. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं रेशन कार्ड. आजारांची यादी नाही, आरोग्यमित्र नाही. पुण्याचा पत्ताही लागत नाही. तो लागतो महापालिकेच्या शहरी गरीब योजनेला, आणि ती तिसरीच गोष्ट. त्यामुळे नांदेड किंवा बीडहून आलेल्या कुटुंबाने गावाकडच्या तहसीलमधून दाखला मागवावा. पुण्यातला भाडेकरार शोधत बसू नये.

खिडकीसुद्धा वेगळी आहे. आरोग्यमित्राने 'बसत नाही' म्हटलं की लोक बाहेर पडतात. तिथून उठून त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जायचं असतं, कारण धर्मादाय खाटेची पडताळणी तो करतो. भरती होतानाच लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. बिल झाल्यावर अर्ज केला तर तो टाळायला कारणं सापडतात.

बिल कसं वाचायचं तेही सांगायला हवं. निर्धन रुग्णाची खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचेच नसतात. औषधं, इतर साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाला पडलेल्या खरेदी किमतीने धरायचे आणि ते बिल निर्धन रुग्ण निधीतून वळतं करायचं. 'खाट फुकट, औषधं तुमची' म्हणून नातेवाइकाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी ठेवली जाते, ती नियमात बसत नाही. दुर्बल घटकाला मात्र औषधं-साहित्याच्या बिलाचा निदान निम्मा भाग भरावा लागतो. तोही खरेदी किमतीवर, छापील किमतीवर नाही. आणि याला 'डॉक्टरांनी दया केली' म्हणणं मला अजिबात पटत नाही. ट्रस्टने सवलती घेतल्या, त्या बदल्यात हे कर्तव्य आहे.

आता ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही तो. भटक्या कुटुंबातली बाई असो, वीटभट्टीवरचा मजूर असो, नाहीतर व्हिसाशिवाय राहणारा परदेशी माणूस. जीव धोक्यात असेल तर धर्मादाय रुग्णालयाने ताबडतोब भरती करून घ्यायचं, अनामत मागायची नाही, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे, आणि सरकारी रुग्णालयात हलवायचं झालं तर गाडीची सोयही करायची. यात कागदाची अट नाही. १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य ठरवलं. राज्यघटनेचं कलम २१ 'व्यक्ती' म्हणतं, 'नागरिक' म्हणत नाही. परदेशी रुग्ण दाखल झाल्याचं रुग्णालयाला कळवावं लागतं, हे नातेवाइकांपासून लपवू नये. पण कळवणं वेगळं आणि उपचार नाकारणं वेगळं.

फक्त 'अनामत नाही' याचा अर्थ 'बिल नाही' असा घेऊ नका. बिल माफ होतं ते उत्पन्नाच्या निकषावर. म्हणून स्थिर होईपर्यंतच्या दिवसांतच दाखल्याच्या मागे लागायचं. दाखला मिळणारच नसेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय गाठावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, त्यामुळे तो निर्णय तिथे लागू नाही. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत बाळंतपण, सिझेरियनसह, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. मुलांच्या लसीकरणाला आणि टीबीची औषधं सुरू करायलाही आधार कार्ड असलंच पाहिजे असं नाही. टीबीच्या पोषण आहाराचे पैसे खात्यात यायला मात्र बँक खातं लागतं. १०८ ची गाडी कुणालाही मोफत.

खाट नाकारली तर 'आज खाट रिकामी नाही' हे लेखी मागा. ते देत नसतील तर तारीख, वेळ, बोललेल्या माणसाचं पद आणि रुग्णाची अवस्था तिथल्या तिथे कागदावर उतरवा आणि त्याच दिवशी पुण्याच्या धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात द्या. तक्रारीत फुले योजनेचा उल्लेख करू नका, नाहीतर ती योजनेच्या कार्यालयाकडे ढकलली जाते आणि आठवडा तिथेच जातो.